रायबोसोम-खंडांचे केंद्रकाबाहेर गमन

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरानगर येथे १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे जिल्ह्यात अशा कारखान्यांची रांगच उभी राहिली. साखर काढून घेतल्यावर उरणारी मळी आसवनीच्या टाक्यांत यीस्टच्या साहाय्याने आंबवून तिच्यापासून मद्यार्क करतात. सॅकरोमायसीझ सेरेव्हिसी या नावाचे हेच यीस्ट प्रयोगशाळेत कोशिकेच्या अंतर्गत व्यवहाराचा फार भरवशाचा साक्षीदार ठरले आहे. रायबोसोमाचे खंड केंद्रकाबाहेर कसे पडतात, याविषयीची आजची माहितीही बव्हंशी त्याच्याच अभ्यासातून मिळालेली आहे.

जनुकांतून आलेला संदेश वाचून प्रथिने घडविणे हे रायबोसोमाचे कार्य होय. ते कार्य कोशिकाद्रव्यात चालते. तथापि खुद्द रायबोसोमाची जुळणी मुख्यतः केंद्रकातील केंद्रिकेत होते. यीस्टच्या रायबोसोमात ७९ प्रथिने व चार आरएनए रेणू असतात. प्रथिने कोशिकाद्रव्यात तयार होऊन आत येतात, आरएनएवर बसतात, आणि मग ६० एस हा मोठा व ४० एस हा लहान असे दोन खंड निरनिराळे बाहेर पडतात. जोमाने वाढणाऱ्या कोशिकेत दर मिनिटास सुमारे २,००० रायबोसोम तयार होतात. केंद्रकाच्या आवरणास छिद्रे मात्र दीडदोनशेच. म्हणजे प्रत्येक छिद्रातून मिनिटास वीसहून अधिक खंड जावयास हवेत.

हे छिद्र मोकळे नसते. प्रथिनांच्या लवचिक तंतूंचे जाळे त्यात भरलेले असते. सुमारे ४०,००० डाल्टनपर्यंतचे रेणू त्यातून आपसूक ये-जा करतात. ६० एस खंडाचे वजन याच्या जवळजवळ पन्नासपट आहे. त्यास वाहक लागतो. सीआरएम-१ हे प्रथिन असा वाहक असल्याचे १९९७ साली सिद्ध झाले. ल्युसीन किंवा तत्सम ॲमिनो अम्ले ठराविक अंतरांवर असलेला लहानसा पट्टा हा त्याने ओळखावयाचा निर्गमन-संकेत. अक्षरगणवृत्तात शब्द कोणतेही असोत, लघुगुरूंची स्थाने मात्र ठरलेली असतात. येथेही अंतरांना तसेच महत्त्व आहे. ६० एस खंडाच्या बाबतीत हा संकेत एनएमडी-३ नावाचे प्रथिन पुरविते. ते खंडाला चिकटते आणि सीआरएम-१ त्याच्या आधारे खंड धरते.

छिद्राला स्वतःची दिशा नसते. ती रॅन या प्रथिनामुळे लाभते. जीटीपीयुक्त रॅन सोबत असेल तरच सीआरएम-१ ची संकेतावर पकड बसते. रॅनला हे रूप देणारे प्रथिन रंगसूत्रद्रव्याला जखडलेले असते, तर ते रूप मोडण्यास साहाय्य करणारे प्रथिन बाहेर असते. परिणामी आत पकड बसते आणि बाहेर सुटते.

या व्यवहारास 'निर्यात' म्हणण्याची प्रथा पडली आहे. शब्द सोयीचा खरा, परंतु तयार माल बाहेर धाडला जातो अशी समजूत तो करून देतो, आणि ती चुकीची आहे. बाहेर पडणारा खंड अपुरा असतो, आणि त्याला मुद्दाम निकामी ठेवलेले असते. एनएमडी-३ ज्या जागी बसते तेथे आधी नुग-२ हे दुसरे प्रथिन असते. अंतर्गत घडण एका टप्प्यापर्यंत पोहोचल्यावरच ते निघते आणि जागा मोकळी होते. ही गोष्ट २०१४ साली दाखविण्यात आली. अर्थात् निर्गमनाचा परवाना मिळणे हीच एक परीक्षा होय. शिवाय टिफ-६ हे प्रथिन खंडाच्या अशा बाजूस बसते की ४० एस त्याला जुळूच शकत नाही. अर्धवट रायबोसोम संदेश वाचू लागला तर काय अनर्थ होईल, हे ध्यानी घेता ही तजवीज अनाठायी वाटत नाही.

बाहेर आल्यावर एकेक अटकाव दूर होतो. आरपीएल-१० हे प्रथिन जोडले जाते, एनएमडी-३ सुटून केंद्रकात परतते, टिफ-६ निघते. ४० एस खंडाचा आरएनए तर यीस्टमध्ये बाहेरच अखेरचा छाटला जातो. त्यापूर्वी हा खंड पक्व ६० एस खंडाशी संदेशावाचून जोडून पाहिला जातो, जणू रंगीत तालीमच!

टिफ-६ दूर करण्याच्या कामी लागणारे एक प्रथिन मानवात एसबीडीएस या नावाने ओळखले जाते. त्याच्या जनुकात दोष असल्यास श्वाखमन-डायमंड विकार होतो. स्वादुपिंड व अस्थिमज्जा नीट काम करीत नाहीत. उलट, वाहकालाच अडविले तर काय होते, हे लेप्टोमायसिन बी या द्रव्याने दिसून आले. ते सीआरएम-१ मधील एका सिस्टीनला चिकटते व त्यामुळे ६० एस खंड केंद्रकातच साचून राहतात. यीस्टला मात्र त्याची बाधा होत नाही, कारण त्याच्या वाहकात त्या जागी थ्रिओनिन आहे. तेथे सिस्टीन घातले की यीस्टही बळी पडते. सीआरएम-१ ला रोखणारे सेलिनेक्सॉर हे औषध मज्जेतील मायलोमा या कर्करोगासाठी २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याने केवळ रायबोसोमच नव्हे, तर या वाहकाने बाहेर जाणारी इतर अनेक प्रथिनेही आतच राहतात.