'अभिजात' : अर्थ आणि उपयोग

'अभिजात' हा संस्कृतातून मराठीत आलेला शब्द आहे. 'जात' म्हणजे जन्मलेला. म्हणून 'अभिजात' म्हणजे उच्च कुळात जन्मलेला. 'कुलीन', 'घरंदाज', 'खानदानी' हे शब्द याच अर्थाचे. आज मात्र माणसासाठी 'अभिजात' क्वचितच वापरतात. 'अभिजात साहित्य', 'अभिजात संगीत' अशा प्रयोगांत कुळाचा अर्थ मागे पडून कसदार आणि काळावर टिकणारे हा अर्थ पुढे आला आहे.

हे विशेषण भाषेलाही लागते. बंगळुरूतील कोरमंगला भागात राहणारा मराठी भाषक मराठीला 'अभिजात भाषा' म्हणतो. त्याचा कन्नड शेजारी कन्नडला 'शास्त्रीय भाषे' म्हणतो. केंद्र शासनाचा दर्जा एकच. तो कन्नडला २००८ साली आणि मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. इंग्रजीतील 'क्लासिकल' या शब्दाचे मूळही प्राचीन रोममधील वरच्या वर्गाच्या नागरिकांना लावल्या जाणाऱ्या लॅटिन शब्दात आहे.

मग मराठीचे अभिजातपण कोणाच्या कुळावर ठरले? संत नामदेव शिंपी होते, जनाबाई त्यांच्या घरी दासी होत्या, तुकाराम कुणबी होते. चोखामेळा यांना तर जातीमुळे पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. समाजाने ज्यांना कुलीन मानले नाही, त्यांच्या अभंगांनीही मराठीला हा मान मिळवून दिला. म्हणून 'अभिजात' हा शब्द योजताना जन्म नव्हे, तर गुण पाहावा.