पहिल्या कादंबरीनंतरचे दिवस : सातारा-सांगली परिसरातील कादंबरीकाराचा दैनंदिन व्यवहार

कादंबरीकाराच्या चरित्राकडे आपली समीक्षा बहुधा एकाच बाजूने पाहते. कादंबरी लिहिण्यापूर्वी त्याने काय भोगले, कोणत्या गावात तो वाढला, कोणती बोली त्याच्या कानावर पडली, याची चौकशी ती बारकाईने करते आणि या साऱ्यास 'जीवनानुभव' अशी संज्ञा देऊन कलाकृतीशी त्याचा सांधा जुळविते. ही चौकशी अनाठायी नाही. मात्र पुस्तक प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो कादंबरीकार सकाळी उठून कोठे जातो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. चरित्रकारास तो किरकोळ वाटतो आणि समीक्षकास वाङ्मयबाह्य. तो तसा नाही, हे प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रदेशाच्या आधारे दाखवावयाचे आहे.

हा प्रदेश म्हणजे जुना सातारा जिल्हा. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली असे झाले. पश्चिमेस कृष्णा-कोयनेकाठचा ऊस, पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा पट्टा. पूर्वेकडची माणसे मजुरीसाठी पश्चिमेकडे येतात. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, या प्रदेशातील कादंबरीने आपली भाषा बऱ्याच अंशी कोरड्या पूर्वपट्ट्यातून घेतली. तिच्या लेखकास पोट भरण्यासाठी मात्र गावाबाहेर जावे लागले.

पूर्वीच्या काही लेखकांची उदाहरणे पाहू. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्यास शिक्षक म्हणून गेले. त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' १९३० साली प्रसिद्ध झाली. त्यानंतरही ते शिरोड्याच्या शाळेतच होते आणि १९३८ साली त्यांनी ती सोडली. साताऱ्याजवळच्या मर्ढे गावावरून ज्यांचे आडनाव आले त्या बा. सी. मर्ढेकरांची पहिली कादंबरी 'रात्रीचा दिवस' १९४२ सालची. त्या वेळी ते नभोवाणीच्या सेवेत होते. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली आणि त्याच सुमारास ते पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात रुजू झाले. शाळा असो वा नभोवाणी, महिन्याच्या ठराविक तारखेस पगार हाती येत होता. लेखनाने पोट भरावे अशी अपेक्षा या तिघांपैकी कोणाच्याही पहिल्या कादंबरीवर लादली गेली नाही. कादंबरी पडली असती तरी घर चालले असते. लेखकाच्या स्वातंत्र्याची चर्चा करताना आपण विचारप्रणालीचे, अभिरुचीचे, सेन्सॉरचे दडपण मोजतो. पगाराने दिलेले हे साधे अभय मात्र आपल्या हिशेबात येत नाही. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली स्त्रीलेखकांसंबंधी विवेचन करताना स्वतंत्र खोली आणि वार्षिक पाचशे पौंड यांचा जो आग्रह धरला, त्यात हाच रोखठोक हिशेब होता.

या ओळीत अण्णाभाऊ साठे बसत नाहीत. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ मुंबईस गेले ते कष्टकरी म्हणूनच. 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. मान्यता मिळाली, वाचक मिळाला, भाषांतरे झाली. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीचा पत्ता मात्र लगेच बदलला नाही. १९६९ साली, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, ते गेले. त्यांच्या उत्तरकालीन लेखनाच्या विपुलतेविषयी समीक्षक कधीकधी किंचित नापसंतीने लिहितात. पुस्तकाच्या मोबदल्यावरच ज्याची चूल पेटते, तो भराभर लिहिणारच. हा शैलीचा दोष आहे की अर्थव्यवहाराचा, याचा निवाडा झाल्याशिवाय ती नापसंती मला रास्त वाटत नाही.

आता आपल्या काळातील उदाहरणाकडे वळू. जत तालुक्यातील निगडीचे नवनाथ गोरे यांनी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून मराठी विषयात एम. ए. केले. त्यांची पहिली कादंबरी 'फेसाटी' २०१७ साली प्रसिद्ध झाली. दुष्काळी भागातील एका कष्टकरी कुटुंबाची आणि शिक्षणासाठी धडपडणाऱ्या मुलाची ही कहाणी, जतकडच्या बोलीत सांगितलेली. २०१८ साली तिला साहित्य अकादेमीचा युवा पुरस्कार मिळाला. या पुरस्काराची रक्कम पन्नास हजार रुपये. पुढे ते अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) एका महाविद्यालयात तात्पुरत्या नेमणुकीवर मराठी शिकवीत होते. २०२० च्या टाळेबंदीत ते काम थांबले आणि कुटुंबाची जबाबदारी अंगावर असलेले गोरे गावी मजुरी करू लागले. वृत्तपत्रांनी दिलेल्या माहितीप्रमाणे महाविद्यालयात त्यांना महिन्यास दहा हजार रुपये मिळत आणि मजुरीचे दिवसाला चारशे. वृत्त प्रसिद्ध झाल्यावर सर्वत्र हळहळ व्यक्त झाली, मदतीचे हात पुढे आले आणि नोकरीही देऊ करण्यात आली.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. पन्नास हजार म्हणजे त्या अध्यापनाचे पाच महिने, अथवा मजुरीचे एकशे पंचवीस दिवस. कादंबरीच्या उत्पन्नाचा हिशेब याहून तोकडा. हजार प्रतींची आवृत्ती, दोनशे रुपये किंमत आणि दहा टक्के मानधन असे धरले, तर सगळी आवृत्ती खपल्यावर लेखकाच्या हाती वीस हजार रुपये येतील, म्हणजे मजुरीचे पन्नास दिवस. ती कादंबरी लिहिण्यास दोन-तीन वर्षे गेली असतील, तर तेवढ्या काळाचे मोल कोणी दिले? ते आईवडिलांनी दिले, भावाने दिले किंवा लेखकाने स्वतःची झोप मोडून दिले. मराठी ग्रामीण कादंबरीचा खरा आश्रयदाता असे कुटुंबच आहे, आणि त्याचे नाव अर्पणपत्रिकेपलीकडे कोठेही नोंदले जात नाही.

त्यात सत्कारांची भर. पहिल्या कादंबरीस पुरस्कार मिळाला की, नवा लेखक वर्षभर प्रवासात असतो. वाङ्मय मंडळाचे उद्घाटन, ग्रंथालयाचा वर्धापनदिन, एखादे तालुका संमेलन. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि बहुधा एस. टी. चे भाडे. बोलाविणाऱ्याच्या मनात आदरच असतो. पण रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी सत्काराचा दिवस हा खाड्याचा दिवस असतो, आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकासाठी तो न घेतलेल्या तासांचा, म्हणून न मिळालेल्या पैशांचा. शालींचे करावयाचे काय, हाही एक प्रश्नच. आम्ही स्वतः अनेकांना असे बोलाविले आहे आणि समारंभानंतर पाकिटात काय घातले होते ते आठवून आज संकोच वाटतो.

तासिका तत्त्वाचा उल्लेख झालाच आहे, तर त्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. कारण नवा मराठी कादंबरीकार आज पुष्कळदा याच वर्गात सापडतो. घेतलेल्या तासांचे पैसे, सुट्टीचे काही नाही, सत्र संपले की नेमणूक संपली. पगार बहुधा उशिरा हाती येतो. दोन गावांतील दोन महाविद्यालयांत तास वाटून घेतलेले असतात आणि मधला वेळ बसस्थानकावर जातो. अशा अध्यापकास कायम होण्यासाठी नेट, सेट किंवा पीएच. डी. हवी, आणि ती असूनही जागा हवी. कादंबरी ही पात्रता नव्हे. तशी ती असावी असे माझे म्हणणे नाही. चांगला कादंबरीकार चांगला शिक्षक असतोच असे नाही. परंतु ज्याची कादंबरी आपण विद्यार्थ्यांस नेमतो, जिच्यावर लघुप्रबंध लिहवून घेतो, तिचा कर्ता शेजारच्या खोलीत ताशी दराने शिकवीत असेल, तर या व्यवस्थेने कादंबरीवर काय परिणाम केला असेल, हा प्रश्न निखळ वाङ्मयीनच ठरतो.

तो परिणाम प्रथम दुसऱ्या कादंबरीवर दिसतो. ग्रामीण लेखकाचे दुसरे पुस्तक फिके उतरले, की 'मातीशी नाळ तुटली' हे स्पष्टीकरण आपल्या हाताशी तयार असते. माडगूळकरांचे उदाहरण त्याच्या विरुद्ध जाते. ज्या माणदेशावर ते लिहीत राहिले, त्यापासून ते पुण्यात राहात होते. अंतर आणि नियमित वेतन या दोहोंनी त्यांच्या निरीक्षणास निवांतपणा दिला. उलट, गावातच राहून चारशे रुपये रोजावर जाणाऱ्याची नाळ तुटलेली नसते. त्याच्याकडे फक्त संध्याकाळी लेखणी धरण्याचे त्राण उरलेले नसते. अनुभव भरपूर आणि वेळ शून्य, अशी ही अवस्था. लांब पल्ल्याची कादंबरी सलग दिवस मागते. कविता किंवा लघुकथा तुटक वेळेत काही अंशी निभावून नेता येते. प्रदेशाचा आणि पिढ्यांचा व्याप सांभाळणारी रचना तशी होत नाही. अलीकडच्या कादंबऱ्यांतील प्रसंगमालिकेची तुटक बांधणी हा नवा रूपबंध आहे की सवड न मिळाल्याची खूण, हे एकेका पुस्तकाच्या संदर्भात तपासावे लागेल. सरसकट उत्तर देण्याचा मोह टाळलेला बरा.

अशा तपासणीसाठी साधने जमविणे कठीण नाही. ज्या विद्यार्थ्यांना या परिसरातील कादंबरीवर काम करावयाचे आहे, त्यांनी लेखकांच्या मुलाखतीत प्रेरणा आणि प्रभाव यांबरोबर काही साधे प्रश्न घालावेत : पहिला खर्डा कोठे बसून लिहिला, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, तेव्हा घर कोणाच्या मिळकतीवर चालले होते, टंकलेखनाचे पैसे कोणी दिले, प्रकाशकाने प्रती किती काढल्या आणि मानधन केव्हा पोचले. लेखक संकोचतील, काही उत्तरे छापण्याजोगी नसतील. खांडेकरांच्या शिरोड्याची, माडगूळकरांच्या आकाशवाणीची माहिती आपल्याकडे आहे, कारण ते नंतर मोठे झाले आणि लोकांनी त्यांना विचारले. निगडी, मायणी, म्हसवड, उमदी अशा गावांतून एकच कादंबरी लिहून थांबलेल्यांना कोणी विचारलेले नाही. त्यांची यादी जिल्हा ग्रंथालयांच्या दाखल नोंदवहीत सापडू शकते. काम तेथून सुरू करता येईल.