पिल्लू कोणत्या जातीचं, आणि ठेवायचं कुठं?



शिमग्याला चाकरमानी गावी आले की कोंबड्याला मागणी येते, आणि अंड्याला तर बारा महिने गिऱ्हाईक आहे. हा हिशेब मनात धरून आपले बरेच गट पाऊस सरता सरता एक दिवसाची पिल्लं आणतात. आमच्या गटानेही आणली होती. पन्नास गिरिराज, पन्नास ग्रामप्रिया. गटातून कर्ज काढलं, पाच जणींनी वीस-वीस वाटून घ्यायची ठरवली आणि पहिले काही आठवडे सगळी एकाच पडवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर कोपऱ्यात पिल्लांचा ढीग, आणि खालची सतरा मेलेली. वाटणीच्या वेळी दुसरं भांडण उभं राहिलं. यातली गिरिराज कोणती आणि ग्रामप्रिया कोणती? कुणालाच सांगता येईना.

या दोन चुकांमधून जे शिकलो, तेच आज तुम्हाला सांगतो आहोत.

आधी जातीचं बघू. एक दिवसाच्या पिल्लाच्या लवेचा रंग पाहून जात ओळखता येते, असं आपल्याला वाटतं. काही जातींत थोडीफार येते. ऱ्होड आयलंड रेडचं पिल्लू तांबूस-विटकरी असतं. ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्पचं पिल्लू पाठीवर काळं, पण पोटाला आणि पंखांच्या टोकांना पिवळट-पांढरं असतं. कडकनाथचं पिल्लू निळसर-काळं असतं, पाठीवर गडद पट्टे असतात आणि त्याचे पायही काळपट असतात. उघड्या मानेच्या कोंबडीचं पिल्लू जन्मतःच मानेवर लव नसलेलं दिसतं.

पण गिरिराज, वनराज आणि ग्रामप्रिया या आपल्याकडे जास्त चालणाऱ्या जाती आहेत. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाली. वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. या संकरातून तयार केलेल्या, रंगीत पिसांच्या जाती आहेत. त्यांची पिल्लं पिवळी, तपकिरी, काळपट, पट्टेवाली अशी मिसळलेली निघतात. त्यामुळे टोपलीतलं एक पिल्लू उचलून ‘ही गिरिराज’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर विश्वास ठेवू नका.

मग जात ओळखायची कशी? पावतीवरून. पिल्लं कुठल्या उबवणी केंद्रातून आली, कोणत्या तारखेला निघाली, कोणत्या जातीची, किती नग आणि पहिल्या दिवशीची मरेक्सची लस दिली की नाही, या पाच गोष्टी लिहून घ्या. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. आपल्याला कोल्हापूर जवळचं. पिल्लं कशी मिळतील याची चौकशी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करा.

आठवडा बाजारात गुलाबी, हिरवी पिल्लं विकायला येतात. तो रंग वरून दिलेला असतो. ती बहुतेक अंड्यांच्या फार्मवरची नर पिल्लं असतात. अंडी तर ती देणारच नाहीत आणि मांसही फार धरत नाहीत. तसंच ‘कडकनाथ’ म्हणून ऑस्ट्रॉलॉर्पची किंवा मिसळ पिल्लं गळ्यात मारली जातात. म्हणून नुसतं काळं दिसलं की घेऊ नका. पोट पिवळट-पांढरं आहे का ते बघा, पायाचा रंग बघा.

जातीला एवढं महत्त्व का? कारण हिशेब वेगळा आहे. ग्रामप्रिया अंड्यांसाठी. गिरिराज आणि वनराज वजनही धरतात, अंडीही देतात. आणखी एक लक्षात ठेवा. या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवली तर एकवीस दिवसांनी पिल्लं निघतील, पण आईबापांचे गुण त्यांच्यात तसेच उतरत नाहीत. ती ‘वनराज’ म्हणून दुसरीला विकू नका. आपल्याच मैत्रिणीची फसवणूक होते.

दोन जाती आणल्या तर पहिल्याच दिवशी मधे आडोसा घालून वेगळ्या ठेवा. नाहीतर एका जातीच्या पायात सैल रंगीत कडी घाला आणि दर आठवड्याला ती सैल करा. पाय वाढतो, कडी रुतते.

आता घराचं. जात कोणतीही असो, ऊब सगळ्यांना सारखीच लागते. आमची सतरा पिल्लं का मेली? पशुवैद्यकीय डॉक्टरांनी वर बघून विचारलं, “हे बल्ब कसले?” एलईडीचे होते. उजेड भरपूर, ऊब नाही! रात्रभर पाऊस, पिल्लं गारठली, चौकोनी पडवीच्या कोपऱ्यात एकावर एक चढली आणि खालची गुदमरली. आम्ही मात्र रोग आला समजून घाबरलो होतो.

म्हणून पिल्लांना तारेचे जुने पिवळे बल्बच लावा. पिल्लामागे साधारण दोन वॅट, म्हणजे शंभर पिल्लांना शंभर-शंभरचे दोन बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सियस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करा. थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे. लांब पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतं आहे. सगळीकडे पसरून खात-पीत असतील तर ठीक आहे. बल्ब साखळीने किंवा मजबूत दोरीने बांधा. नुसत्या वायरवर टांगलेला बल्ब तुसात पडला तर आग लागते.

वीज जाणारच, हे धरून चाला. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मधे ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. त्या धुराने पिल्लंही मरतात आणि माणसंही.

पत्रा किंवा जाड पुठ्ठा दीड फूट उंच उभा करून गोल रिंगण करा. कोपरा नसला की पिल्लं चेंगरत नाहीत. शंभर पिल्लांना सुरुवातीला पाच-सहा फूट रुंद रिंगण पुरतं. चौथ्या दिवसापासून ते वाढवत न्या. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाला अर्धा चौरस फूट जागा हवी. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस घाला, त्यावर पहिले दोन-तीन दिवस कागद. पिल्लं आल्याबरोबर आधी गुळाचं पाणी, मग मक्याचा भरडा.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ओलं तूस हा पिल्लांचा मोठा शत्रू आहे. त्यातूनच रक्ती हगवण येते. तूस रोज हलवा, ओलं झालेलं लगेच काढा. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे पावसाच्या बाजूला अरुंद भिंत येते. पागोळ्या आत येणार नाहीत इतकं छप्पर पुढे काढा. झड्या बांधा, पण वर वीतभर फट सोडा. कोंदट हवेत डोळे झोंबायला लागले तर पिल्लांना किती त्रास होत असेल!

उंदीर, साप आणि मांजर रात्री येतात. इंचभर भोकाच्या जाळीतून उंदीर-साप सहज शिरतात. म्हणून खालचे दोन फूट अर्ध्या इंचाची जाळी लावा आणि पाया चिऱ्याचा करा, म्हणजे उकरून आत येता येणार नाही. दिवसा मुंगूस, घार आणि कावळा. पिल्लं सहा आठवड्यांची होऊन पिसं भरेपर्यंत मोकळी सोडू नका.

लसही गटानेच द्या. मानमोडीची पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरोची चौदाव्या दिवशी, मानमोडीची पुन्हा अठ्ठाविसाव्या दिवशी. एका बाटलीत शंभर किंवा जास्त डोस असतात आणि उघडलेली बाटली टिकत नाही. पशुसखीला सांगून सगळ्यांची पिल्लं एकाच दिवशी घ्या. खर्च वाटला जातो.

दुसऱ्या खेपेला आम्ही वही घातली. तारीख, जात, कुठून आणली, कुणाची किती आणि रोज किती मेली. शंभरातली चार गेली, आणि वाटणीच्या दिवशी कुणाचा आवाज चढला नाही. पहिल्या खेपेचा हप्ता पाचही जणींनी सारखा भरला, कारण चूक सगळ्यांची होती.

तेव्हा मैत्रिणींनो, पिल्लांची टोपली घरात यायच्या आधी दोन कामं करा. पावती मागा आणि वरचा बल्ब बघा.