पोट सुटलंय? क्रंचेस राहू द्या, आधी ताट बघा!

जीन्सचं बटण लावताना श्वास आत ओढावा लागतोय? ग्रुप फोटोत सॅक पोटासमोर धरून उभे राहताय? मग हे वाचाच.

पुण्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत डोकावून बघा. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे, अशी कितीतरी मुलं दिसतील. दहा-दहा तास खुर्चीत. सकाळी चहा-पोहे, दुपारी मेसचा डबा, म्हणजे चार पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि ज्यात डाळ शोधावी लागते असं वरण. संध्याकाळी वडापाव. रात्री जागायचं म्हणून पुन्हा चहा-बिस्किट.

मग एक दिवस आरशात पोट दिसतं आणि जोश येतो. रोज दोनशे क्रंचेस, रात्रीचं जेवण बंद! हे आठ दिवस टिकतं. नवव्या दिवशी समोर मिसळ येते आणि सगळं मुसळ केरात.

का होतं असं? कारण सुरुवातच चुकते. पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी जळत नाही. क्रंचेसने पोटाचे स्नायू मजबूत होतात, वरची चरबी तिथंच राहते. शरीर चरबी वापरतं ती सगळीकडची. कुठली आधी, हे आपण ठरवू शकत नाही.

आणि प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. खरी काळजी करायची ती आत, लिव्हर-आतड्यांभोवती साठलेल्या चरबीची. डायबिटीस आणि हृदयविकाराचा धोका ती वाढवते. बारीक दिसणाऱ्यांनाही ती असू शकते. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास न ओढता माप घ्या. भारतीय पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरच्या पुढे माप गेलं, की ती धोक्याची घंटा.

आता ताटाकडे या. निरोगी माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं, असं आयसीएमआर सांगते. म्हणजे वजन ६० किलो असेल तर ५० ग्रॅम. जोरदार व्यायाम करणाऱ्यांना थोडं जास्त. प्रोटीनमुळे पोट बराच वेळ भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू शाबूत राहतात. नुसतं उपाशी राहिलात तर चरबीबरोबर स्नायूही जातात.

पन्नास ग्रॅम जमवायला महागडा डबा विकत आणायची गरज नाही. हिशेब बघा : दोन अंडी १२ ग्रॅम, वाटीभर मटकीची उसळ ११, घट्ट वरण ७, मूठभर शेंगदाणे ७, ग्लासभर दूध ६, चार पोळ्या १२. झाले की ५५! अंडी खात नसाल तर ३० ग्रॅम सोया चंक्स घ्या, त्यात १५ ग्रॅम मिळतं. डाळ-तांदळाची खिचडीही उत्तम, कारण एकात जे कमी ते दुसरं भरून काढतं. फक्त डाळीचा हात सैल सोडा. मेसवाल्या काकूंना एक पोळी कमी आणि उसळ जास्त मागायला लाजू नका. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रोटीन वाढवा.

व्यायामाचं गणितही सोपं आहे. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाझप चाला. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. दोन दिवस स्क्वॉट्स, पुशअप्स, प्लँक. मशीन नको, जिमची फी नको. तासाभराने खुर्चीतून उठा. आणि सात तास झोपा, जागरणात भूक हमखास खवळते.

आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी भरपूर. ‘सात दिवसांत फ्लॅट पोट’ सांगणाऱ्या रील्स खुशाल पुढे ढकला. हे पोट काही आठवडाभरात आलेलं नाही, मग जायलाही त्याला थोडा वेळ द्या. आज टेपने माप घेऊन वहीत लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा मोजा. बेल्ट एक भोक आत सरकला, की पुढच्या महिन्याचा जोश आपोआप येईल!