टिकलेलं पीक आणि बुडालेला माग

कळमनुरीच्या शिवारात खरिपाची ज्वारी आता शोधावी लागते. जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन, आणि पाण्याची सोय असेल तिथे हळद. या बदलाबद्दल बोलताना अनेक जण एका वाक्यात मोकळे होतात: डार्विननं सांगितलंच आहे, बलवान टिकतो, बाकीचे संपतात, बाजारही तसाच. उत्क्रांतीच्या अंगानं विचार करणाऱ्या अर्थशास्त्रावर हा मोठा अन्याय आहे. त्याबद्दलचे चार गैरसमज एकेक करून पाहू.

‘हा विचार जीवशास्त्रातून उचललेला आहे’

निम्मा प्रवास उलट्या दिशेनं झाला. अर्थशास्त्रज्ञ माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध 1798 चा. डार्विननं तो 1838 मध्ये वाचला आणि नैसर्गिक निवडीची कल्पना त्याच्या मनात आकाराला आली. याच कल्पनेपर्यंत स्वतंत्रपणे पोचलेल्या वॉलेसनंही माल्थसचं ऋण मान्य केलं आहे. ‘सर्वांत योग्य तो टिकतो’ हे शब्द मुळात डार्विनचे नाहीतच. ते इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरनं 1864 मध्ये वापरले, डार्विननं नंतर स्वीकारले. आणि तिथेही ‘योग्य’ म्हणजे भोवतालच्या परिस्थितीला जुळणारा. बलवान नव्हे, श्रेष्ठ तर नव्हेच.

‘जे टिकलं ते उत्तम होतं’

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीनं केलं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं, मागे हरभऱ्याला रान मोकळं होतं, मळणी यंत्रावर होते आणि मोंढ्यात रोख पैसा मिळतो. ज्वारीला काढणी-खुडणीला माणसं लागतात, पाखरं राखावी लागतात, शिवाय भाव बेताचा. ज्वारी मागे पडली ती धान्य म्हणून निकृष्ट होती म्हणून नव्हे. तिच्याबरोबर जनावरांचा कडबाही गेला, हा तोटा विक्रीच्या कुठल्याच हिशोबपट्टीवर दिसत नाही. मजुरी, तेल गिरण्या, खाद्यतेलाचं आयात शुल्क या सगळ्यांनी मिळून निवड केली. यातलं आयात शुल्क तर सरकार ठरवतं. मग त्या निवडीला निसर्गाचा नियम कसं म्हणायचं?

अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी हेच फार आधी दाखवलं होतं. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1924 मध्ये आला. शहरी कारागिरी का बुडाली याचा शोध घेताना ते केवळ यंत्राच्या स्वस्त मालाकडे बोट दाखवत नाहीत. संस्थानी दरबार लोपले, त्यांच्याबरोबर गिऱ्हाईक गेलं. परक्या सत्तेखाली नव्या वरिष्ठ वर्गाची आवड बदलली. आणि यंत्राची स्पर्धाही होतीच. विणकराचा हात तोच राहिला, भोवताल बदलला. 1950 मध्ये आर्मेन अल्चियन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं याच विचाराला सैद्धांतिक जोड दिली: टिकलेला धंदा हुशारीनंच टिकला असं नाही, नशिबानंही टिकू शकतो.

‘उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात’

सजीवांत अनेकदा लागतात. अर्थव्यवहारात शिकलेली गोष्ट शेजारी बघून उचलतो. हळद पूर्वी कढईत शिजवत. आता ट्रॅक्टरमागे वाफेचा बॉयलर येतो. एकाला वेळ आणि सरपण वाचलेलं दिसलं की दुसरा तो बोलावतो. नेल्सन आणि विंटर या अर्थशास्त्रज्ञांनी 1982 च्या पुस्तकात उद्योगांकडे असंच पाहिलं: धंदे अंगवळणी पडलेल्या पद्धतींवर चालतात, अडलं की नवी शोधतात, चालली की ती पसरते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेननं 1898 मध्येच विचारलं होतं की अर्थशास्त्र उत्क्रांतीचं शास्त्र का नाही. माणूस फक्त नफातोट्याची गणितं करत नाही, सवयी आणि संस्था त्याला घडवतात, हा त्याचा मुद्दा.

‘आपला याच्याशी संबंध नाही’

व्हेब्लेनच्या सहा वर्षं आधी, 1892 मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानड्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडमध्ये बांधलेले आर्थिक नियम सर्व काळी, सर्व देशी लागू पडत नाहीत. प्रत्येक समाजाची घडण आणि अवस्था वेगळी असते, हे त्यांनी ठामपणे मांडलं. अर्थशास्त्रातल्या जर्मन ऐतिहासिक पंथाचा त्यांच्यावर प्रभाव होता, डार्विनचा धागा तिथे शोधू नये. पण अर्थव्यवस्था बदलत जाते आणि तिचे नियमही काळाशी बांधलेले असतात, ही जाण त्यात आहे. म्हणूनच देशी उद्योगांना सरकारनं हात द्यावा, असा त्यांचा आग्रह होता.

गाडगीळ आणखी पुढे गेले, भोवताल बदलायलाच उतरले. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं 1950 मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच. एकट्या लहान शेतकऱ्याला कधीच न परवडणारं यंत्र तिथे ऊस पिकवणाऱ्यांच्या सामाईक मालकीचं झालं.