संकेतस्थळाचा उंबरठा

आमच्या बदलापूरच्या घरीं नातवाची विद्या माझ्याहून अगदीं निराळी. मीं जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेतलीं. तो संकेतस्थळें बांधतो. मागल्या महिन्यांत एका दवाखान्यासाठीं केलेलें पान मजपुढें धरून त्यानें विचारलें, "आजोबा, कसें दिसतें?" मीं म्हटलें, "बाळ, दिसतें कोठें?" पांढऱ्यावर फिकट करडीं, बारीक अक्षरें, डॉक्टरांची वेळ मला वाचतां येईना. त्या बोलण्यांतून जें उमगलें, तें घरोघरच्या तरुण कारागिरांच्या उपयोगीं पडेल म्हणून लिहितों.

संकेतस्थळाचा मजकूर एक, त्याचा वेश दुसरा. रंग, अक्षरांचा आकार व मांडणी हीं वेशाचीं अंगें. तीं सांगणारी सीएसएस नांवाची भाषा १९९६ सालीं प्रमाण ठरली. वेश वेगळा ठेवल्यानें मूळ मजकुरास धक्का न लावतां अक्षरें मोठीं वा गडद करतां येतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या २००८ सालच्या मार्गदर्शिकेप्रमाणें साधीं अक्षरें व त्यांची पार्श्वभूमी यांच्या तेजाचें प्रमाण निदान साडेचारास एक असावें.

परंतु ज्यास मुळींच दिसत नाहीं, त्याचें काय? बदलापूरच्या पुढचेंच स्टेशन वांगणी. तेथें पुष्कळ अंध कुटुंबें राहतात. कित्येकजण लोकलगाड्यांत किरकोळ वस्तु विकून चरितार्थ चालवितात. अंध मनुष्याचा मोबाईल पडद्यावरील मजकूर वाचून दाखवितो. मात्र चित्रास वर्णन नसेल, तर तो नुसतें "चित्र" म्हणतो. बटणास नांव नसेल, तर "बटण" म्हणून थांबतो. नातवानें डोळे मिटून आपलेंच पान ऐकलें. डॉक्टरांची वेळ मागण्याच्या जागीं "बटण, बटण" एवढेंच ऐकूं येतांच त्याचें तोंड उतरलें. तापानें फणफणलेल्या मुलाची अंध आई येथूनच परत फिरली असती.

असा अडसर दगडांतही असतो. अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा. तेथें गाभाऱ्यांत जावयास पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे धरलेला मजसारखा मनुष्य वरूनच हात जोडतो. तें मंदिर आतां बदलतां येत नाहीं. संकेतस्थळ मात्र सुधारतां येतें. आणि हा केवळ दयेचा प्रश्न नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें डिजिटल सेवांपर्यंत पोंचणें हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील जीविताच्या हक्काचा भाग ठरविला.

तिसरी गोष्ट ठावठिकाण्याची. पान उघडतांच "आपण कोठें आहां?" असें विचारावयाचें नातवानें योजिलें होतें. पाहुणा आला कीं आधीं पाणी द्यावें, मग कोठून आलांत तें विचारावें. जवळचा दवाखाना दाखवावयाचा असेल, तर कारण सांगून, पाहुण्यानें तसें मागितल्यावरच विचारावें. ब्राउझर परवानगी घेऊन उपग्रह, वाय-फाय व मोबाईलचे मनोरे यांवरून ठिकाण सांगतो. नुसत्या इंटरनेटच्या पत्त्यावरून केलेला तर्क बदलापूरकरास मुंबईकरही ठरवील. म्हणून नकार देणाऱ्यास आपलें ठिकाण स्वतः लिहितां आलें पाहिजे. उल्हासनगराचेंच पाहा. फाळणीनंतर तेथील लष्करी छावणींत सिंधी निर्वासित वसले, १९४९ सालीं वसाहतीस हें नांव मिळालें; तरी पत्त्यांत कॅम्प एक ते पांच हे आंकडे अद्याप चालतात. तेथील मनुष्य "कॅम्प चार" एवढेंच लिहील. तें पानास समजलें पाहिजे.

नातवानें अक्षरें गडद केलीं, बटणांना नांवें दिलीं, ठिकाणाचा प्रश्न मागें नेला. त्या रात्रीं दिवा मालवून आम्ही दोघांनीं तें पान पुन्हां ऐकलें. या खेपेस "डॉक्टरांची वेळ ठरवा" असें स्पष्ट ऐकूं आलें. ज्यांच्या घरीं असा कारागीर असेल, त्यांनीं त्यास एवढेंच सांगावें: पान जगापुढें ठेवण्यापूर्वीं एकदां आजीकडून वाचवून घे, आणि एकदां स्वतः डोळे मिटून ऐक.