दातावरचा पांढरा डाग वेळीच ओळखा

"दुधाचाच दात तो, पडणारच आहे. कशाला दवाखाना?" असे आपल्या घरांतून सर्रास ऐकू येते. मग एका रात्री मूल गाल धरून रडत बसते आणि सकाळी आईबापाचा रोज बुडतो. माता-भगिनींनो, हे टळू शकते. त्यासाठी कीड अगदी सुरुवातीला ओळखता आली पाहिजे.

दाताचे कवच कॅल्शियम व फॉस्फेट या क्षारांचे बनलेले असते. गोड खाल्ले की तोंडातील जंतू आम्ल तयार करतात आणि त्यात हे क्षार विरघळतात. नंतर लाळ ते आम्ल सौम्य करते व क्षार परत भरते. पण चहा-बिस्किट, गोळ्या, चॉकलेट असे दिवसभर तोंड चालू राहिले, तर लाळेला सवडच मिळत नाही. मग हिरडीलगत खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग दिसू लागतो. या टप्प्यावर कवच पुन्हा टणक होऊ शकते. एकदा खड्डा पडला, की तो आपोआप बुजत नाही.

यासाठी फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा वापरावी, रात्री झोपताना तर नक्कीच. फ्लोराइडमुळे क्षार लवकर भरतात. वेष्टणावर 1000 पीपीएम लिहिलेले पाहून घ्यावे. 3 वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, 3 ते 6 वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. फेस थुंकावा, लगेच खळखळून चूळ भरू नये. गोड द्यायचेच तर जेवणाबरोबर द्यावे. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये. मिश्री म्हणजे तंबाखूच. ती मुलांच्या हाती देऊच नये.

दंतवैद्य अशा डागावर फ्लोराइडचा लेप लावतात. त्याला ना सुई लागते, ना मशीन. मुंबई व नागपूर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तेथे दाखवावे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तेथील पांढरे डाग त्यामुळेही असू शकतात, म्हणून आधी तपासून घ्यावे.

आणखी एक. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येणारी दाढ कायमची असते. ती पडून पुन्हा येत नाही.

येत्या रविवारी मुलांना उजेडात बसवा, ओठ वर करा, दात स्वच्छ फडक्याने कोरडे करून पाहा. डाग दिसला तर दुखण्याची वाट पाहू नका, एवढीच आमची विनंती.